डाव्या खांद्याची रायफल

ड्रायरमध्ये कुठलंसं बटण पत्र्यावर आपटलं, टक्, आणि घरभर पसरलेली दुपारची शांतता तडकली.

सुरुची श्वास अर्धा सोडून होती तिथेच थांबली. हॉलच्या गालिच्यावर ती पालथी पडली होती. उजवं कोपर पुढे रोवलेलं, डावं जरासं बाहेर, डावा गाल हवेतच कशावर तरी टेकल्यासारखा कललेला. हातात काहीच नव्हतं. नजर मात्र समोरच्या भिंतीवर, लेकीने, श्रियाने, कधीतरी खडूने काढलेल्या निळ्या ठिपक्यावर होती. तो ठिपका आधी तिच्या श्वासाबरोबर वर-खाली हलत होता, मग जडावला, मग जागच्या जागी बसला. आता, असं तिच्या डाव्या तर्जनीला वाटलं आणि तेवढ्यात पुन्हा, टक्.

अशी वीस मिनिटं तिला आठवड्यातून एकदा मिळत. बुधवारी तिचं ऑफिसचं काम घरून असे. सध्या शाळेला सुट्टी होती, म्हणून सासूबाई नातीला घेऊन कोपऱ्यावरच्या डेअरीत आइस ब्लॉक, म्हणजे बर्फाची कांडी, आणायला जात. डेअरी म्हणजे दूध डेअरी नव्हे, साधं वाण्याचं दुकान, हे सासूबाईंना पटायला महिना लागला होता. त्याच वेळेला अप्पा, म्हणजे तिचे सासरे जनार्दनराव, आतल्या खोलीत वामकुक्षी घेत. ख्राइस्टचर्चच्या हॉर्नबी उपनगरातल्या त्या भाड्याच्या घरात मग फक्त ड्रायर आणि ती.

"काय गं, काय हरवलं?"

अप्पा दारात उभे होते, चष्मा कपाळावर.

"फिरकी, अप्पा. कानातल्याची."

"सोन्याची ना? मग सापडायलाच हवी." आणि सातारच्या एसटी डेपोत तीस वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून काढलेला तो माणूस लुंगी सावरत गुडघ्यावर बसला आणि गालिचा चाचपू लागला. सुरुचीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी केस सारखे करायच्या निमित्ताने तिने कानातली फिरकी काढली आणि सोफ्याच्या पायाशी सोडून दिली.

"ही बघ!" अप्पांनी ती चिमटीत धरून उजेडात नाचवली. "चष्म्याशिवाय! डोळे अजून शाबूत आहेत म्हटलं."

"तुमचे आहेतच अप्पा," ती म्हणाली आणि ड्रायरमधले कपडे काढायला पळाली.

डोळ्यांचाच तर सगळा घोळ होता.

लहानपणी सुरुची डावखुरी होती. जेवताना डावा हात ताटाकडे गेला की तिची आई त्या हातात शाळेचा पांढरा पायमोजा चढवायची आणि मनगटाशी रबर लावायची. मारलं नाही कधी, रागावलीही नाही. "उद्या चारचौघांत बसून जेवायचं असतं बाळा," एवढंच म्हणायची. सहा महिन्यांत हात शहाणा झाला. लिहिणं उजव्याने, चिरणं उजव्याने, आरती उजव्याने. पुढे लग्नाआधी कुणी विचारलं असतं तर तिने बिनदिक्कत सांगितलं असतं की मी उजवी आहे.

मग कोल्हापूरला कॉलेजात एनसीसी लागली, आणि नेमबाजीच्या रेंजवर शिरीष सर भेटले. पहिल्या दिवशी तिच्या गोळ्या लक्ष्य सोडून शेजारणीच्या कागदावर जाऊन बसल्या. पोरी हसल्या. सर हसले नाहीत. त्यांनी तिला दोन्ही हात लांब करून पंज्यांची खिडकी करायला लावली. "त्यातून झेंड्याच्या काठीचं टोक बघ. दोन्ही डोळे उघडे. आता हात हळूहळू तोंडाशी आण." हाताची खिडकी आपसूक सरकत सरकत डाव्या डोळ्यावर येऊन थांबली.

"तुझा मालक डोळा डावा आहे," सर म्हणाले.

"पण सर, मी उजवी आहे."

"तू असशील. डोळा नाही."

रेंजवरच्या नेमबाजी क्लबात एक जुनी जर्मन रायफल होती, कुणा डावखुऱ्या साहेबाने मागे सोडलेली. तिची कडी डाव्या अंगाला होती. बोल्ट म्हणतात तिला, पण सुरुचीच्या लेखी ती कडीच: जुन्या दाराला असते तशी, उचलायची, मागे ओढायची, पुढे सारायची, खाली दाबायची, की गोळी आत आणि दार बंद. सगळ्या रायफलींची ती उजवीकडे असते, कारण जग उजव्या हाताचं आहे. ही एकच उलटी. सहा वर्षं ती सुरुचीची होती. सहा वर्षं रोज सकाळी दीड तास तिच्या डाव्या हाताला कुणी हटकलं नाही. ती पालथी पडायची, दस्ता डाव्या खांद्यात बसायचा, गाल लाकडावर टेकायचा, आणि डोक्यातली सगळी बडबड, आईची, परीक्षेची, पुढच्या आयुष्याची, कुणीतरी वरच्या मजल्यावर बंद केल्यासारखी दूर जायची. राज्यस्तरावर दोन पदकं मिळाली. पुढे पुण्याची नोकरी, मग राघव, मग ख्राइस्टचर्च, मग श्रिया. रायफल क्लबाची होती, क्लबात राहिली. मागे एकदा सरांनी फोटो पाठवला होता: तीच रायफल, तिच्यावर गाल टेकलेली कुणी नवी, दोन वेण्यांची मुलगी. खाली लिहिलं होतं, 'हिचाही डावा.' सुरुचीने अंगठ्याचं चिन्ह पाठवलं, आणि त्या दिवशी तिच्या हातून वरण करपलं.

राघवला यातलं अर्धं माहीत होतं. बायको नेमबाज होती याचा त्याला भारी अभिमान. ऑफिसात, बार्बेक्यूला, विमानात शेजारी बसलेल्या माणसालाही तो सांगायचा, "माय वाइफ इज द रिअल शूटर." पदकं त्याने पाहिली होती. वर्तमानपत्रातलं कात्रणही पाहिलं होतं. तिला नेम धरताना मात्र त्याने कधी पाहिलं नव्हतं, कारण त्याच्या ओळखीत तिच्या हातात रायफल आलीच नव्हती.

राघवचं वेड अलीकडचं. इथे आल्यावर पहिली दोन वर्षं तो फार एकटा पडला. कामावर सगळे चांगले वागत, पण शुक्रवारी संध्याकाळी आपापल्या गाड्यांत बसून निघून जात. मग हेमी नावाच्या सहकाऱ्याने त्याला एप्रिलात, हरणांच्या माजाच्या दिवसांत, डोंगरात नेलं. राघवने त्या वेळी चाप ओढलासुद्धा नाही. पण परत आला तो वेगळाच माणूस. रात्री अंथरुणात तिला सांगत होता, "सुरू, चार तास त्या पिवळ्या गवतात पडून होतो. हेमी शेजारी. बोलायचं नाही, हलायचं नाही. आणि पहिल्यांदा असं वाटलं की इथे कुणाला काही पटवून द्यायचं नाहीये." बोलता बोलता त्याचा आवाज जरा ओला झाला होता. सुरुचीने त्याचा हात दाबला. त्या गवतात पडून काय होतं, हे तिला त्याच्यापेक्षा जास्त कळत होतं.

"तू पण काढ लायसन्स," तोच म्हणाला. "एक रायफल घेऊ, दोघांत मिळून. मी डोंगरात नेईन, तू रविवारी क्लबात टार्गेट मार." दोन घ्यायची यंदा ऐपत नव्हती, घराचं डिपॉझिट साठत होतं. पण एक तर एक! दोघांनी मिळून सुरक्षेचा वर्ग केला, परीक्षा दिली. वर्गात बाराजणांसमोर नकली बंदूक खांद्याला लावून दाखवायची वेळ आली तेव्हा राघव कौतुकाने बघत होता. तिने ती उजव्या खांद्याला लावली. का लावली, तिचं तिलाच कळलं नाही. हात आपणहून गेला, पंगतीत जातो तसा.

मग महिनाभर राघवचा लॅपटॉपवरचा तक्ता चालला. जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय नसे.

"शिकारीला हलकी हवी," तो पोळीचा तुकडा हवेत फिरवत सांगे, "कारण ती डोंगरावर वाहून न्यायची. टार्गेटला जड हवी, कारण ती हलता कामा नये. आता दोन्ही कसं जमवायचं?"

"मध्यम घे," अप्पा म्हणत.

"तेच, अप्पा! मध्यम जाडीची नळी. आणि गोळी सिक्स पॉइंट फाइव्ह मिलिमीटर. लांब जाते, सरळ जाते, आणि खांद्याला धक्का कमी. सुरूच्या दृष्टीने पण बरं."

"घरात झुरळ आलं तर खुर्चीवर चढतो," सासूबाई आमटी वाढत म्हणाल्या, "आणि हा हरीण मारणार!"

"आई, हेमीने दिलेल्या हरणाचा रस्सा दोनदा घेतलास तू."

"ते मेलेलं होतं ना पण. त्याची काय भीती."

श्रिया खिदळली. राघवने पुन्हा तक्त्यात डोकं घातलं. "सुरू, तुझी उंची पाच दोन धरलीये."

"पाच अडीच."

"हाताची लांबी मोजू उद्या. दस्ता त्याप्रमाणे कमी-जास्त करता येतो. चष्मा तुला नाहीच. रिकॉइल, तो खांद्याचा धक्का, किती चालेल, मध्यम?"

"चालेल."

त्या तक्त्यात एकोणीस रकाने होते. वजन, नळी, दुर्बीण, सायलेन्सर, मॅगझिन, तिच्या हाताची लांबीसुद्धा. हात कुठला, हा रकाना नव्हता. सुरुची रोज रात्री भांडी डिशवॉशरमध्ये लावता लावता ठरवे की आज सांगू. आणि रोज तिला वाटे की तो विचारेल. आठ वर्षं एका ताटात जेवलेला माणूस, इतकं सगळं मोजतोय, तर एवढंही विचारेल की. विचारलं की लगेच सांगू. हा हट्ट आहे हे तिला कळत होतं. पण ज्या एका गोष्टीची आपण दहा वर्षं मनातल्या मनात वाट पाहिली, ती आपल्याच तोंडाने मागायची वेळ आली की जीभ अशी जड होते खरी.

रायफल कधी आणायची ते अप्पांनी ठरवलं. "घरात शस्त्र यायचंय आणि शनिवारी दसरा आहे. आणखी काय पंचांग बघायचं?" तरीही त्यांनी सातारहून आणलेलं कॅलेंडर काढलं, आणि विजय मुहूर्त बघून चाट पडले. साताऱ्यात दुपारचे दोन वाजतात तेव्हा इथे रात्रीचे साडेनऊ. दुकान पाचला बंद. मग त्यांनीच निकाल दिला, "दसऱ्याचा अख्खा दिवसच मुहूर्त. सकाळी दहाला निघू."

शनिवारी सासूबाई श्रीखंड-पुरीच्या तयारीला घरी थांबल्या. आपट्याची पानं इथे कुठून मिळणार. पण शेजारच्या अंगणातलं कोवायचं झाड सोनेरी फुलांनी नुसतं लगडलं होतं. अप्पांनी शेजाऱ्याला विचारून ओंजळभर फुलं काढली. "पान नाही तर फूल. रंग सोन्याचा आहे ना?" त्यांच्या खिशात कुंकवाची पुडी होती. श्रियाने जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घातल्या, आणि चौघं निघाले.

दुकान कारखान्यांच्या रांगेत, टायरवाल्याच्या शेजारी होतं. आत लाकडाचा, तेलाचा आणि कॉफीचा वास. सुरुचीने तो वास छाती भरून घेतला आणि तिचे डोळे एकदम चुरचुरले. तेच तेल. रेंजवरच्या खोलीत फाटक्या बनियनच्या चिंधीला लागलेलं असायचं तेच.

"किआ ओरा," काउंटरमागचा माणूस म्हणाला. साठीचा, रुंद, पांढऱ्या मिशांचा. शर्टावर वॉरिक असं नाव.

"किओरा, किओरा!" अप्पांनी नुकताच शिकलेला इथला नमस्काराचा शब्द दोनदा वापरून घेतला.

राघवने फोनवरचा तक्ता पुढे केला. वॉरिकने तो वाचला, भुवया उंचावल्या. "तू इंजिनिअर आहेस, बरोबर?"

"इतकं दिसतं का?"

"एकोणीस रकाने, मेट."

त्याने मागच्या रांगेतून एक करड्या दस्त्याची रायफल काढली, कडी मागे ओढून आतलं गोळीचं रिकामं घर आधी स्वतः पाहिलं, मग राघवला दाखवलं, मग हातात दिली. राघवने ती खांद्याला लावली आणि त्याचा चेहरा श्रियाचा वाढदिवसाला होतो तसा झाला. "सुरू, बघ ना. किती बरोबर आहे! आता तू."

सुरुचीने रायफल घेतली. घेता घेताच बोटांनी कडी मागे ओढली, करंगळी आत घालून घर चाचपलं, मान वळवून नळीचं तोंड कुठे आहे ते पाहिलं. विचार न करता. दहा वर्षं झाली नसावीत, काल संध्याकाळीच ठेवून आली असावी, असं. वॉरिक कॉफीचा घोट घेता घेता थांबला.

मग तिने ती उजव्या खांद्याला लावली.

पलीकडच्या भिंतीवर गिऱ्हाइकांना नेम धरून बघायला एक काळा ठिपका रंगवलेला होता. सुरुचीने गाल टेकला. दुर्बिणीत नुसता अंधार. मान आणखी वाकवली. अंधाराच्या कडेला उजेडाची चंद्रकोर आली, गेली. डावा डोळा मिटला तर उजवा भांबावला. तिला त्या वस्तूशी झोंबी घेतल्यासारखं वाटू लागलं. रायफल चांगली होती, तिच्या मापाचीही होती. फक्त ती दुसऱ्याच कुणाशी बोलत होती.

"एक मिनिट," वॉरिक म्हणाला. त्याने रायफल हळूच काढून घेतली, आणि काउंटरच्या पलीकडून स्वतःचे दोन्ही हात लांब करून पंज्यांची खिडकी केली. "असं करून माझ्या नाकाकडे बघशील?"

सुरुचीला पुढचं सगळं माहीत होतं. तरी तिने हात उचलले. खिडकी सरकत सरकत डाव्या डोळ्यावर येऊन बसली.

"लेफ्ट-आइड," वॉरिक म्हणाला. मग आवाज जरा खाली आणून, "पण हे तुला माहीत होतं. कडी उघडलीस त्यावरून सांगतो, तू पुष्कळ नेमबाजी केली आहेस. डाव्या खांद्याने. हो ना?"

राघव बघत होता. अप्पा बघत होते. श्रिया काउंटरजवळच्या उंच स्टुलावर बसून पाय हलवत होती, ते थांबले.

"हो," सुरुची म्हणाली. "सहा वर्षं."

"सहा वर्षं?" राघवला हसावं की काय ते कळेना. "डाव्याने? अगं, पण तू सगळं तर... आणि तो पेपरातला फोटो? त्यात तू डावीकडे गाल टेकून... मला वाटायचं फोटो उलटा छापलाय!"

"पेपरवाले करतात असं," अप्पांनी मुलाची बाजू घेतली.

"आठ वर्षं मला वाटतंय फोटो उलटा आहे," राघव म्हणाला. या वेळी तो हसला नाही.

वॉरिक मागे गेला होता. आला तो एक लांब खोळ घेऊन. "मेथ्व्हेन गावाकडच्या एका शेतकऱ्याची. हात थरथरायला लागले म्हणून आणून दिली. डावखुऱ्यांच्या रायफली कुणी सहसा विकत नाही, मिळाली की मरेपर्यंत ठेवतात." अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, गालाच्या जागी वापरून गुळगुळीत झालेला. नळी मध्यम. आणि कडी डाव्या अंगाला.

कडी उघडून, आत पाहून त्याने ती सुरुचीच्या हातात दिली.

तिने डाव्या खांद्याला लावली, एवढंच. बाकी काही तिला करावं लागलं नाही. दस्ता खांद्याच्या खळग्यात बसला, गाल लाकडावर उतरला, दुर्बिणीत सगळा गोल उजेडाने भरला आणि त्या उजेडाच्या मधोमध काळा ठिपका होता. आधी श्वासाबरोबर हलत होता. मग जडावला. बाहेर टायरवाल्याचं मशीन घरघरत होतं ते लांब गेलं. राघव, अप्पा, श्रीखंड, सोमवारची मीटिंग, घराचं डिपॉझिट, सगळं वरच्या मजल्यावर गेलं आणि कुणीतरी दार लोटून घेतलं. ठिपका जागच्या जागी बसला. डाव्या तर्जनीने चाप हलकेच ओढला. रिकामा, कोरडा आवाज झाला, आणि ठिपका तसूभरही हलला नाही.

ती किती वेळ तशीच राहिली कोण जाणे.

"आई," श्रिया हळू आवाजात म्हणाली, "यू लुक डिफरंट."

"कशी गं?" गाल न उचलता सुरुचीने विचारलं.

श्रियाने विचार केला. "लाइक व्हेन यू आर स्लीपिंग. पण डोळे उघडे."

सुरुचीने रायफल खाली घेतली. लाकडावर तिच्या गालाची वाफ धरली होती, ती हळूहळू विरली.

"मी बघू?" राघवने हात पुढे केला. त्याने ती डाव्या खांद्याला लावून पाहिली, उजव्या खांद्याला लावून पाहिली, उजवा हात नळीवरून पलीकडे नेऊन कडी ओढायचा प्रयत्न केला. रायफल डुगडुगली. "डाव्या हाताने पत्ते पिसतोय असं वाटतंय," अप्पा म्हणाले आणि वॉरिकला हातवारे करून विनोद समजावू लागले. राघव मात्र पुन्हा पुन्हा कडी ओढत राहिला. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"शिकेन मी," तो शेवटी म्हणाला. "हीच घेऊ, सुरू. सवयीचा तर प्रश्न आहे. तू नाही का सगळं उजव्याने शिकलीस?"

तो मनापासून म्हणत होता. तेच अवघड होतं. सुरुचीला दिसत होतं: पुढच्या एप्रिलात हेमीशेजारी तो गवतात पडला आहे, समोर हरीण आलं आहे, आणि याचा हात वस्तूच्या चुकीच्या अंगाला चाचपतोय. हेमी काही बोलणार नाही. हाही परत येऊन काही बोलणार नाही. दोन-तीनदा असं झालं की म्हणेल, यंदा कामच फार आहे. आणि शुक्रवारी संध्याकाळी पुन्हा खिडकीशी उभा राहील, निघून जाणाऱ्या गाड्या बघत. इतक्या मुश्किलीने त्याला या देशात अंग टाकायला एक जागा मिळाली होती.

आणि तिला मिळालेली? ती तिच्या हातात होती, चार किलोची, लाकडाला अजून ऊब होती.

"नको," ती म्हणाली. "उजवीच घेऊ. मला चालेल."

"नक्की?"

"चालेल रे. क्लबात वाळूच्या पिशवीवर टेकवून मारायची असते. जमतं."

राघवने श्वास सोडला. अगदी लहान, त्याला स्वतःलाही कळला नसेल इतका. सुरुचीला कळला. दुसऱ्याचे श्वास कळणं हे तिच्या शिक्षणातच होतं. तिला राग आला नाही. तिने तो फक्त ऐकला, आणि रायफल दोन्ही हातांनी, कडी उघडी ठेवून, वॉरिकला परत दिली.

वॉरिकने "शुअर?" असं एकदाच विचारलं. तिने मान हलवली. मग त्याने चिंधीने त्या दस्त्यावरचे बोटांचे ठसे पुसायला घेतले. हळूहळू, बराच वेळ, जणू पुसायची घाई नव्हती.

कागदपत्रं झाली, लायसन्सचे नंबर नोंदवले गेले. अप्पांनी खिशातली पुडी काढून परवानगी मागितली. दसरा म्हणजे काय, हे राघवने दोन वाक्यांत सांगितलं. वॉरिक गंभीरपणे म्हणाला, "दस्त्यावर लावा, खोक्यावर लावा. नळीत नको, मेट." अप्पांनी करड्या दस्त्याला कुंकवाचं बोट लावलं, खोक्यावर कोवायची फुलं वाहिली, आणि उरलेली दोन फुलं वॉरिकच्या हातात ठेवून त्याला सांगितलं, "गोल्ड. यू कीप." वॉरिकने ती खरंच शर्टाच्या खिशात ठेवली. "स्वीट ॲज," तो म्हणाला, म्हणजे एकदम झकास.

गाडीत अप्पा पुढे बसले, राघवच्या शेजारी. डिकीत कुलपाच्या खोक्यात रायफल होती. तिची कडी वेगळी काढून राघवने स्वतःपाशी ठेवली होती. सुरुची मागे, श्रियाच्या सीटशेजारी. रस्त्याच्या शेवटी इथल्या आल्प्सवरचं बर्फ उन्हात इतकं लख्ख दिसत होतं की कुणीतरी नुकतंच धुऊन वाळत घातलंय असं वाटावं.

"तू सांगायचंस ना पण," राघव आरशातून म्हणाला. हळूच, श्रियाला ऐकू जाणार नाही असं वाटून. "इतके दिवस मी तक्ता करतोय."

"तू विचारलं नाहीस."

"मला कसं सुचणार? तू लाटतेस उजव्याने, लिहितेस उजव्याने..."

"हो. तुझी काय चूक."

"म्हणजे माझीच आहे," तो म्हणाला. अप्पा खिडकीबाहेर मेंढ्या मोजण्यात एकदम गर्क झाले. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा राघवने हात मागे केला, न बघताच. सुरुचीने तो धरला. डाव्या हाताने धरला. तो क्षणभर थबकला, मग त्याने ती बोटं घट्ट दाबली. सिग्नल हिरवा झाला, आणि हात पुन्हा गिअरवर गेला.

तिने डोकं मागे टेकलं. डावा खांदा अजून भरलेला होता. जिथे दस्ता टेकला होता तिथे कापडाला बारीकशी चुणी पडली होती. ती तिने नीट केली नाही. रविवारी क्लबात जायचंच, असं ती स्वतःला सांगत होती. पिशवीवर टेकवून जमतं. अंधाराच्या कडेला चंद्रकोर येते, तेवढ्यात मारायचं. काहीच नसण्यापेक्षा ते कितीतरी बरं. तिने मनातल्या मनात तो काळा ठिपका समोर आणून पाहिला, उजव्या डोळ्याने. तो काही केल्या जागी बसेना.

श्रिया मांडीवरचं कोवायचं एक फूल पाकळी पाकळी सोडवत होती. आता तिने वळून पाहिलं, मागे, काचेतून, लहान होत गेलेल्या टायरवाल्याच्या पाटीकडे. मग आईकडे. तिच्या चेहऱ्यावर कसलीच शंका नव्हती. बाबाची घेतली, आता राहिली ती घ्यायची, एवढा साधा हिशेब.

"आई," ती म्हणाली, "सो व्हेन आर वी कमिंग बॅक फॉर युअर्स?"